कोपऱ्यावरची ओली भाजी

बदलापूरच्या शिरगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोरी आहे, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल. तिच्या कठड्यावर बसलं की सकाळी चंदेरीचा डोंगर दिसतो. दिसतो म्हणजे काय, अर्धाच दिसतो. सुळका धुक्यात असतो आणि खालचा हिरवा भाग अधांतरी तरंगत असल्यासारखा वाटतो. निवृत्त झाल्यापासून मी रोज तिथे जाऊन बसतो. चहा झालेला असतो, पेपर वाचलेला असतो, आणि घरी थांबलो तर बायको काहीतरी काम काढेल एवढी साधी भीती असते.

कठड्याच्या समोर, विजेच्या खांबाखाली, ती भाजी घेऊन बसायची. बारवीच्या रस्त्याला डोंगराखाली ठाकरांची एक वाडी आहे, तिथून यायची. आम्ही तिला ताई म्हणायचो, ती आम्हाला काका-काकी. जमिनीवर गोणपाट अंथरायची आणि त्यावर सागाच्या पानांत भाजीचे वाटे मांडायची. आषाढात शेवळं, आणि त्यांनी घसा खाजू नये म्हणून सोबत मूठभर काकडं, म्हणजे रानातली आंबट फळं. मग टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोळी. भाजी नेहमी ओली असायची. वाडीवरच्या झऱ्यात धुऊन आणायची ती, आणि सात-साडेसातच्या उन्हात त्या पानांवरचं पाणी हळूहळू आटताना मी बघत बसायचो. काही जण सकाळी ध्यान करतात म्हणे. मी भाजी वाळताना बघायचो.

तो कोपरा तिला सहज मिळाला नव्हता. आधी चार ठिकाणांहून उठवलं होतं तिला. इथे सात वर्षं टिकली, गिऱ्हाइकं ओळखीची झाली, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं थांबलं. एकदा बायकोला म्हणाली होती, "कोपरा हाय तवर भट्टी नाय, काकी." ते वाक्य मी कठड्यावरून ऐकलं होतं. पुढे जे झालं त्यात पणाला लागलं ते एवढंच, एक कोपरा. पण तिच्यासाठी ते सगळंच होतं, आणि मला ते माहीत होतं. माहीत नव्हतं अशी सबब मला नाही.

आता माझ्याविषयी. मी आमच्या चार गल्ल्यांच्या ग्रुपचा अॅडमिन. ग्रुप मीच काढला होता, पाण्यासाठी. बदलापुरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, नळाला पाणी आलं का आणि किती वेळ राहील, यावर आमचा दिवस ठरतो. 'पाणी आलं का' हेच ग्रुपचं नाव. सुरुवातीला तीस-चाळीस माणसं होती आणि दिवसभरात दोन निरोप यायचे, "आलं" आणि "गेलं". काय सुंदर ग्रुप होता तो! मग माणसं वाढली. सुप्रभात आली, फुलं आली, भाड्याने देणे आहे, गाडी कुणी आडवी लावली आहे, आणि मग मतं आली. मतं आली की भांडणं येतातच. लोक मला फोन करून म्हणायचे, अमक्याचं काढून टाका, तमक्याला हाकला. मी काही काढायचो नाही. माझा नियम एकच होता. अॅडमिन काही पुसणार नाही आणि कुणाची बाजू घेणार नाही. ज्याला बोलायचं त्याने बोलावं, ज्याला उत्तर द्यायचं त्याने द्यावं.

या नियमाचा मला भारी अभिमान होता. लग्नाकार्यात कुणी विचारलं की मी खुर्ची सरकवून, जरा मान ताठ करून तो सांगायचो. अंबरनाथच्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत हयात गेली माझी. तिथे रजिस्टरमध्ये जे दिसलं ते लिहायचं, मत लिहायचं नाही, ही शिस्त होती. साहेबाला काय हवंय ते लिहायचं नाही आणि आपल्याला काय वाटतं तेही नाही. मला वाटायचं, तीच शिस्त मी ग्रुपला लावली आहे.

पण नियमाचं मूळ त्याहून जुनं होतं. माझं लहानपण उल्हासनगरच्या कॅम्प चारमधलं. आमच्या बराकीसमोर एका सिंधी काकांचं बटणांचं दुकान होतं आणि दुकानाबाहेर एक लांब लाकडी बाकडा. संध्याकाळी वडील कामावरून आले की तिथे जाऊन बसायचे. शिंपी, पापडवाले, गिरणीवाले, सगळे बसायचे. कुणी सरकारला शिव्या द्यायचं, कुणी देवाला. मराठी, सिंधी, हिंदी, सगळ्याची खिचडी. काका बटणं निवडत बसायचे आणि मधूनच म्हणायचे, "बोलो साईं, बोलो. बोलने का टॅक्स थोडी है." मी दाराशी बसून बटणांचे रंग लावायचो. शिंपल्याची बटणं, हस्तिदंती, एक निळं काचेचं. अजूनही डुलकी लागताना मला तो आवाज येतो, बटणांचा आणि बोलण्याचा एकत्र, अर्थ न लागणारा आणि तरी सुखाचा. आपला ग्रुप तसा असावा असं मला वाटायचं. एक लांब बाकडा, आणि कुणाला ऊठ म्हणायचं नाही.

त्या बाकड्याची गोष्ट मला अर्धीच आठवत होती, हे पुढे कळलं.

श्रावणातली दुपार होती. जेवून आडवा झालो होतो. फोन उशाशी गुणगुणत होता, आणि त्या गुणगुणण्यातून मला कारखान्याचा भोंगा ऐकू येत होता, मी अंबरनाथच्या फाटकातून आत जात होतो आणि आत कारखान्याऐवजी हिरवं पाणी होतं. जाग आली तेव्हा ग्रुपवर शंभरावर निरोप पडलेले. वर एक छोटी चित्रफीत. आमचीच मोरी, आमचाच नाला, काठावर ओणवी झालेली एक बाई, पाण्यात हात. मागून घेतलेलं, तोंड दिसत नव्हतं, पण लुगडं आम्ही सगळे ओळखत होतो. खाली लिहिलेलं: "ही आपल्या कोपऱ्यावरची. गटाराच्या पाण्यात भाजी धुते. तुमच्या मुलांना हे खायला घालताय का? विचार करा."

मी विचार केला नाही, कारण करण्यासारखं काही नव्हतं. ती काय धूत होती ते मला पाठ होतं. भाजी संपली की निघताना ती रोज तिचं गोणपाट नाल्यात बुचकळायची, चिखल काढायची, पिळायची आणि टोपलीवर पसरून घेऊन जायची. सात वर्षं रोज. मी समोर चार हातांवर बसलेलो असायचो. त्या चित्रफितीत नीट बघितलं तर गोणपाटाचं टोकही दिसत होतं. अख्ख्या शिरगावात याला एकच पक्का साक्षीदार होता आणि तो पलंगावर चष्मा शोधत होता.

खाली लोक लिहीत होते. शी. बापरे. तरीच मुलाचं पोट बिघडलं होतं. या लोकांना अक्कलच नसते. दोघा-तिघांनी लिहिलं की खात्री करून घ्या, त्यांना बाकीच्यांनी झापलं. ज्यांनी ते टाकलं ते गृहस्थ शेजारच्या इमारतीतले, सभ्य, रोज सकाळी पळणारे, दोन लहान नातवंडांचे आजोबा. त्यांनी खोटं जाणूनबुजून टाकलं असं मला आजही वाटत नाही. त्यांनी लांबून बघितलं आणि जे वाटलं ते लिहिलं. वर पुन्हा, "मी फक्त प्रश्न विचारला. प्रश्न विचारणं गुन्हा आहे का?"

बायकोने तिच्या फोनवर ते बघितलं आणि स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, हे काय? ती गोणपाट धुते ना?"

"हो."

"मग लिहा की."

"अॅडमिनने बाजू घ्यायची नसते. उद्या दुसऱ्या कुणाच्या बाबतीत..."

"फॅक्टरीत जे दिसलं ते रजिस्टरमध्ये लिहायचात ना? का तिथेही नुसतं बघून घरी यायचात?"

मला राग आला. खरं सांगतो, बायकोचं बोलणं बरोबर असलं की मला आधी रागच येतो. तिने स्वतः लिहिलं, "ती गोणपाट धुते, मी स्वतः बघितलंय." त्यावर कुणीतरी हसण्याचं चित्र टाकलं आणि लिहिलं, काकूंना फुकट भाजी मिळत असेल. मग मी माझ्या नियमाप्रमाणे निरोप लिहिला: "सर्वांनी संयम राखावा. दोन्ही बाजूंना मत मांडण्याचा अधिकार आहे. अॅडमिन." चांगला घोटून लिहिला होता, तीनदा वाचून पाठवला. त्याला बरेच अंगठे आले आणि मला बरं वाटलं. मी वामकुक्षीचा राहिलेला भाग पूर्ण केला.

दोन्ही बाजू! तिच्याकडे असा फोनच नव्हता. होता तो बटणांचा, तोही नवऱ्याकडे.

दुसऱ्या दिवशी ती आली, भाजी मांडली, पाणी चमकत होतं. लोक येत होते आणि जात होते. कुणी काही बोललं नाही, हेच वाईट. रोजची गिऱ्हाइकं मान वळवून जायची. एक बाई थांबली, वाटा उचलला, नाकाजवळ नेला आणि परत ठेवला. ताईने माझ्याकडे बघितलं. मी डोंगराकडे बघितलं. तोंडात मिठाची गुळणी धरून मी तासभर बसलो, आणि पानांवरचं पाणी त्या दिवशीही तसंच हळूहळू आटलं. बायको जाऊन तीन वाटे घेऊन आली. तेवढीच विक्री.

असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी खांबाखाली सिमेंटच्या तीन कुंड्या आल्या, ओळीने, मध्ये माणूस मावणार नाही अशा. कुणी ठेवल्या ते कुणी सांगेना. ग्रुपवर कुंड्यांचे फोटो आले, "परिसर सुशोभीकरण", खाली टाळ्या. ताई आली, डोक्यावर टोपली घेऊन कुंड्यांसमोर उभी राहिली, बराच वेळ. मग गेली. सहाव्या दिवशी आलीच नाही.

आता मी हललो. पण कसा, तेही ऐका. मला वाटलं, न्याय अपुरा राहिला आहे. एक बाजू आली, दुसरी यायची आहे. आपण जाऊन तिची बाजू तिच्याच तोंडून रेकॉर्ड करावी आणि ग्रुपवर टाकावी, म्हणजे तोल साधला. ही कल्पना मला इतकी आवडली की मी रिक्षात बसल्या बसल्या प्रश्नही तयार केले. रिक्षा बारवीच्या रस्त्याने निघाली. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, त्यांत आभाळ उतरलेलं. मध्ये एका ठिकाणी रस्ताभर ढग होता आणि रिक्षावाला गाणं म्हणत त्यातून गेला. मला झोपेत गेल्यासारखं वाटत होतं.

वाडीत शिरलो तर पहिला दिसला तो झरा. कातळातून बोटभर धार, खाली घासून गुळगुळीत झालेली दगडाची डोण. एक म्हातारी, ताईची सासू, टाकळ्याच्या जुड्या धारेखाली धरून झटकत होती. पाणी उडत होतं, उन्हात एक क्षण रंग यायचे आणि जायचे. सात वर्षं मी खाली बसून ज्या पाण्याकडे बघत होतो ते हे. किती वेळ उभा होतो कोण जाणे. म्हातारी म्हणाली, "कोन पायजे?"

ताईने ओटीवर बसायला घोंगडी टाकली. पाणी दिलं, त्याच झऱ्याचं. मी फोन काढला, चालू केला, तिच्यापुढे धरला.

"काय बोलू?"

"जे खरं ते सांग. तू गोणपाट धूत होतीस, भाजी नाही. एवढंच सांग, मी ते सगळ्यांना ऐकवतो. त्यांची बाजू आली, आता तुझी येऊ दे."

ती फोनकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "काका, तुमी तर समोर बसलेले असता रोज."

"हो."

"तुमाला म्हाईत व्हता?"

"हो."

"पयल्या दिसापासून?"

मी मान हलवली.

"मंग माझी बाजू कशाला मागता?" ती अगदी हळू बोलली, रागावलीही नव्हती. "तुमी बघितला न् तुमी बोल्ला नाय. आता माझा कोन ऐकनार?"

ते रेकॉर्डिंग माझ्याकडे अजून आहे. त्यात एवढंच बोलणं आहे. मागे झऱ्याचा आवाज आहे. एक कोंबडा आहे. मला फोन बंद करायचं भान नव्हतं, म्हणून माझ्या श्वासाचाही आवाज आहे.

परत येताना खाचरांत तेच आभाळ होतं, आणि मला एकदम कॅम्प चारचा बाकडा दिसला. या वेळी पुढचं दिसलं. एका संध्याकाळी बाकड्यावरच्या एकाने मागच्या बराकीतल्या विधवा बाईविषयी काहीतरी सुरू केलं. ती पापड लाटून पोट भरायची. तिच्या पापडात अमुक असतं, तिच्याकडे तमुक येतो. दोघं हसले. बटणवाले काका उठले. मला वाटलं, "बोलो साईं" म्हणणार. ते म्हणाले, "उठो सब." सगळे उठले, माझे वडीलसुद्धा. काकांनी एकट्याने तो लांब बाकडा उचलला आणि दुकानात नेऊन ठेवला. "उसका पापड मैं खाता हूँ. आज बाकडा बंद." सगळे रस्त्यात उभे, हात कुठे ठेवावेत कळेना. आठ दिवस बाकडा आत होता. नवव्या दिवशी बाहेर आला तेव्हा तो माणूसही आला, पण त्या बाईविषयी पुन्हा कुणी बोललं नाही. इतकी वर्षं मला बाकडा आठवत होता, बटणं आठवत होती, आणि हे तेवढं मी सोयीने विसरलो होतो.

घरी येऊन मी लिहिलं. सगळं लिहिलं. मी समोर बसलेला असतो, मी बघितलं आहे, ती गोणपाट धुते, भाजी झऱ्यावर धुतली जाते, तो झरा मी बघून आलो, आणि मी पहिल्या दिवशीच बोलायला हवं होतं, बोललो नाही, ही माझी चूक. मग ती चित्रफीत काढून टाकली. आयुष्यात पहिल्यांदा काही पुसलं.

लोक तुटून पडले. अॅडमिन आता बाजू घ्यायला लागले. बोलण्याची मुभा गेली. एकाने विचारलं, "इतके दिवस झोपला होतात का?" त्याचं खरं होतं. ते पळणारे गृहस्थ घरी आले, जिन्यातच उभे राहून म्हणाले, "मला काय माहीत गोणपाट होतं? तुम्ही त्याच दिवशी सांगितलं असतं तर मीच काढलं असतं." तेही खरं होतं. मी आठ दिवस ग्रुप बंद ठेवला, फक्त 'आलं' आणि 'गेलं' मीच टाकायचो. नंतर उघडला तो एका नव्या नियमाने. कुणाच्या पोटावर येईल असं काही टाकायचं असेल तर आधी त्या माणसासमोर जाऊन उभं राहायचं, त्याला विचारायचं, आणि मग टाकायचं. निम्मे लोक निघून गेले आणि त्यांनी 'बिनधास्त शिरगाव' नावाचा ग्रुप काढला. चित्रफीत तिथे होती. कुळगावच्या ग्रुपांत होती, अंबरनाथला माझ्या मेहुण्याकडेही पोचली होती. त्याने मलाच पाठवली, सावध राहा म्हणून.

कुंड्या मी आणि बायकोने एका रविवारी सरकवल्या. भयंकर जड होत्या. दोघांची कंबर आठवडाभर धरली, पण खांबाखाली एका माणसापुरती जागा झाली. वाडीत निरोप पाठवला. दिवाळी झाली. जागा तशीच राहिली, तिथे आता एक कुत्रा झोपतो.

मार्गशीर्षात काही कामाने कॅम्प चारला गेलो होतो. बटणवाल्या काकांचं दुकान कधीच गेलं, तिथे आता जीन्सचे गठ्ठे शिवतात. बाजाराच्या टोकाला, जिथे हातगाड्या संपतात, तिथे गोणपाटावर ती दिसली. मुळा, माठ, वालाच्या शेंगा. आधी मला स्वप्नच वाटलं, कारण मधले महिने ती मला झोपेत पुष्कळदा दिसली होती, आणि दर वेळी भाजी ओली असायची.

"काय ताई, बरी आहेस ना?"

"बरी हाय. काकी कशा हायत?"

"बऱ्या आहेत. तुझी आठवण काढतात. अगं, कोपरा मोकळा केलाय आम्ही. लोकांना कळलंय आता सगळं. मी लिहिलं."

"तुमचा निरोप पोरीनं सांगितला मला." तिने एक जुडी उचलून दुसरीवर ठेवली. "बरा केला काका. हितं आठवड्यातून तीन दिस बसते, बाकी दिस भट्टीवर."

मी माठाची जुडी मागितली. पुढची एक सिंधी बाई तेव्हाच भाजी घेऊन वळत होती, तिला ताई मागून सांगत होती, "धुतलेली नाय हां, भाभी." मग माझी जुडी उचलली. मुळांना माती होती, पानं कोरडी होती, कडेने सुकायला लागली होती. ती माझ्या पिशवीत टाकताना, मी कोण हे पुरतं माहीत असून, त्याच आवाजात म्हणाली:

"धुतलेली नाय हां, काका. मी भाजी धुवत नाय. घरी जाऊन तुमची तुमी धुवा."

मी हो म्हटलं आणि पिशवीचं तोंड धरून उभा राहिलो, मागचं गिऱ्हाईक पुढे सरकेपर्यंत.